पोट्टं खरं बोलायला शिकतं कुठे? शाळा, संस्कार आणि वाचकांचे प्रश्न

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि मग या सदराकडे पत्रांची रांग लागते. यंदाची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, शाळेत परिपाठ आहे, सुविचार आहे, मूल्यशिक्षणाची यादी भिंतीवर आहे, मग मुलांच्या वागण्यात ते उतरत का नाही. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, जी नेहमी येतात तशीच घेतलीत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा सहावीत आहे. युनिट टेस्टमध्ये त्यानं बाजूच्याचं पाहून लिहिलं, मॅडमनी पकडलं. चुकलंच त्याचं, मी त्याची बाजू घेऊन नाही राहिली. पण दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्याला सगळ्या शाळेसमोर स्टेजवर उभं केलं आणि माइकवर "मी कॉपी केली, पुन्हा खोटं वागणार नाही" असं तीनदा बोलायला लावलं. आता रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो, व्हॅनमध्ये बसायला तयार नाही. मुख्याध्यापिका म्हणतात चारित्र्य घडवायचं तर थोडं कडक राहावंच लागतं. मी काहून गप्प बसावं? पण बोलू तरी काय?
– एक आई, मानेवाडा

उत्तर: गप्प बसू नका. आणि त्याचं पोट खरंच दुखत असणार, नाटक समजू नका, भीती आणि लाज या वयात पोटातच जाऊन बसते.

आधी कायद्याचं सांगते म्हणजे तुमच्या मनात शंका राहणार नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीची मनाई आहे, आणि जो करेल त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. छडी मारली नाही म्हणून सगळं ठीक असं नाही. शाळाभर पोरांसमोर माइकवर तीनदा वदवून घेणं हा छळच आहे, माझं मत पक्कं आहे.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की या उपायानं प्रामाणिकपणा येतच नाही. खाली बसलेल्या बाकी पोरांनी त्या दिवशी काय शिकलं असेल? सापडायचं नाही, एवढंच. १९२०च्या दशकात अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी दहा हजारांवर शाळकरी मुलांना कॉपी करायची, खोटं बोलायची, वस्तू उचलायची संधी मिळेल अशा परिस्थितीत ठेवून पाहिलं. मुलं "प्रामाणिक" आणि "अप्रामाणिक" अशा दोन ढिगांत पडलीच नाहीत, एकच मूल एका ठिकाणी सचोटीनं वागलं आणि दुसऱ्या ठिकाणी घसरलं. बरोबर काय नि चूक काय हे त्यांना किती पाठ आहे याचा त्यांच्या वागण्याशी फारसा मेळ बसला नाही. फरक पडत होता तो वर्ग कसा आहे, बाजूचे काय करतात, पकडलं जायची शक्यता किती यानं. म्हणजे तुमच्या मुलाला खरं बोलावं हे माहीतच होतं, स्टेजवर चढवून त्यात काही भर पडली नाही.

मग त्यानं पाहून लिहिलं का, हे कुणी विचारलं का त्याला? घरी आणि शाळेत आपण मार्कांवरून पोरांना "हुशार" आणि "ढ" करून टाकतो ना, त्याचाही संबंध असतो. म्युलर आणि ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास आहे, पाचवीच्या मुलांचा. एक सोपी चाचणी झाल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं, मग सगळ्यांना मुद्दाम अवघड पेपर दिला. नंतर दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना आपले मार्क लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी जवळपास ३८ टक्के मुलांनी मार्क खोटे लिहिले, मेहनतीचं कौतुक झालेल्यांत १३ टक्क्यांनी. ज्याला हुशार दिसायचंय त्याला कमी मार्क परवडत नाहीत, म्हणून तो लपवतो.

मी एका मनपा शाळेतल्या बाईंना हेच प्रकरण हाताळताना पाहिलंय. त्यांनी पेपर हिसकावला नाही, बेल झाल्यावर पोराला थांबवून घेतलं, स्वतः त्याच्याच बाकावर बाजूला बसल्या, आणि विचारलं, कोणत्या प्रश्नाला अडलास? त्यानं अपूर्णांकांवर बोट ठेवलं. बाईंनी कोरा कागद दिला, चल आता तुला येतं तेवढंच लिही. वीसपैकी सात आले. लाल पेनानं सात लिहून खाली लिहिलं, "हे सात तुझे स्वतःचे." आणि पुढच्या आठवडाभर मधल्या सुट्टीत दहा मिनिटं अपूर्णांक. पहिल्या पेपरचे मार्क मिळाले नाहीत, ते त्यालाही मान्य होतं. शिक्षा झाली, पण चारचौघांत नाक कापलं गेलं नाही आणि जिथे गाडी अडली होती तिथे मदत मिळाली.

तर मुख्याध्यापिकांकडे दोघं नवरा-बायको जा, लेखी अर्ज घेऊन जा, पोच घ्या. कलम १७ सुरुवातीलाच फेकू नका, ऐकलंच नाही तर काढा. मागणी दोनच ठेवा, वर्गशिक्षिकेनं मुलाशी एकदा एकट्यात बसून बोलावं, आणि कुणाच्याही पोराची चूक परिपाठात काढायची नाही हे स्टाफला लेखी सांगावं. काही दिवस त्याला गेटपर्यंत स्वतः सोडा. पोटदुखी, झोप न येणं असंच चालू राहिलं तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवा, लाजायचं काही कारण नाही.

प्रश्न: आम्ही वर्षाला भरमसाठ फी भरतो आणि माझ्या चौथीतल्या मुलीला शाळेत वर्ग झाडायला लावतात. म्हणे "श्रमप्रतिष्ठा". शाळेत मावशी आहेत ना त्यासाठी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे पालक चिडून राहिले. हे बरोबर आहे का?
– एक पालक, प्रतापनगर

उत्तर: चिडण्याआधी शाळेत जाऊन चार गोष्टी बघून या. झाडू शिक्षा म्हणून दिला जातो का? रोज त्याच त्या पोरांच्या वाट्याला येतो का? मुली झाडतात आणि मुलगे बाक उचलायचं नाव करून पळतात असं आहे का? आणि सर-मॅडम स्वतः कधी झाडू धरतात का? यातल्या एकाही ठिकाणी गडबड असेल तर जरूर भांडा, मी तुमच्या बाजूनं आहे. काही शाळांत ठराविक वस्तीतल्या पोरांनाच संडास धुवायला पाठवल्याचं मी ऐकलंय, त्याला श्रमप्रतिष्ठा म्हणणं हे पाप आहे.

पण पाळीपाळीनं सगळे झाडत असतील, मास्तरसुद्धा, तर मुलीला झाडू द्या हो. आपल्या नागपूरपासून दीड-दोन तासावर सेवाग्राम आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिथून गांधीजींची नई तालीम सुरू झाली, हातानं काम करता करता शिकायचं. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा २००५ पासून पुन्हा त्या वाटेनं चालतेय, पोरं शेतात काम करतात, स्वयंपाक करतात, सूत काततात, सफाई करतात आणि त्यातूनच गणित-विज्ञानही शिकतात. एखाद्या रविवारी मुलीला घेऊन वर्ध्याकडे जा, बापूकुटीही बघून होईल.

आणि "मावशी आहेत ना" हे वाक्य मुलीसमोर बोलू नका, एवढी कळकळीची विनंती. प्रतिज्ञेत ती रोज म्हणते की प्रत्येकाशी सौजन्यानं वागेन. प्रत्येकात मावशी येतात. ज्या पोरानं एकदा डेस्कखालचा पेन्सिलचा भुगा आणि चिवड्याचे कागद स्वतः गोळा केलेत ते पुन्हा टाकताना थोडं तरी थांबतं, हे मी वर्गावर्गांत बघितलंय. मावशींचं नाव काय ते मुलीला विचारा बरं. बहुतेक पोरांना माहीत नसतं.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवतो. वर्गात "चांगलं वागणं" वाढावं म्हणून स्टार कार्ड सुरू केलं, मदत केली की स्टार, दहा स्टार झाले की पेन. सुरुवातीला लई भारी चाललं. आता पोट्टे पाणी द्यायलाही "सर स्टार देणार का" विचारतात. बंद करू का?
– एक शिक्षक, हिंगणा तालुका

उत्तर: सर, हळूहळू बंद करा, एकदम नको. तुमच्या वर्गात जे झालं ते १९७३ सालीच लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एका बालवाडीत दाखवलं होतं. ज्या पोरांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायचं त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. दिलंही. नंतर मोकळ्या वेळेत याच पोरांनी स्केचपेनला बाकीच्यांच्या मानानं जवळपास निम्माच वेळ दिला. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं त्यांची आवड मात्र तशीच राहिली. आधी कबूल केलेलं बक्षीस मुळातल्या आवडीला खातं.

पाढे पाठ करणं, वही पूर्ण करणं अशा कंटाळवाण्या कामाला अधूनमधून स्टार द्यायला हरकत नाही. पण मदत करणं, खरं बोलणं, पडलेल्याला उचलणं याला दर लावू नका. त्याऐवजी जे घडलं ते नुसतं बोलून दाखवा, "आज खिचडीच्या रांगेत तू पहिलीच्या पोरीला पुढे घेतलंस, तिचं रडणं थांबलं." बस. शाबासकीही नको, तिला काय फरक पडला तेवढं सांगायचं.

तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, येतोच आहे, तिथे करून बघा. दर वर्षी सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात सजवलेल्या लाकडी बैलाला बक्षीस, म्हणजे खरं तर ज्याच्या बापाच्या खिशात पैसे त्याला बक्षीस. यंदा नंबरच काढू नका. प्रत्येकानं आपल्या बैलाची गोष्ट सांगायची, कुणी केला, झूल कशाची, शिंगाला रंग कुठून आणला. आजोबांनी बाभळीच्या तुकड्यातून कोरलेला बैल घेऊन मागे उभं राहणारं पोरगं पुढे येतं की नाही बघा.

प्रश्न: आमच्या संस्थेनं एका कंपनीचं व्हॅल्यू एज्युकेशनचं पॅकेज घ्यायचं ठरवलंय, व्हिडिओ, वर्कबुक, अॅप सगळं. घ्यावं का?
– एक मुख्याध्यापक, सदर

उत्तर: पैसे उरत असतील तर आधी समुपदेशक नेमा. सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या, म्हणजे आपल्या भावना सांभाळणं आणि इतरांशी नीट वागणं शिकवणाऱ्या, २१३ कार्यक्रमांचा, मिळून २ लाख ७० हजार मुलांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये निघाला होता, ड्युरलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. मुलांचं वागणं सुधारलं, अभ्यासातही फायदा झाला, आणि शाळेचे स्वतःचे शिक्षक हे उत्तम करू शकतात असं दिसलं. पण क्रमानं शिकवणं, मुलांकडून प्रत्यक्ष करून घेणं, त्यासाठी राखीव वेळ देणं आणि नेमकं कोणतं कौशल्य शिकवायचं ते स्पष्ट असणं, हे पाळलं तेव्हा. व्हिडिओ लावून मॅडम मागे वह्या तपासत बसणार असतील तर यातलं काहीच होत नाही.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी आठवीत. व्हॅनमध्ये तीन-चार मुलंमुली तिला आडनावावरून बोलतात. आधी "तुमचं पूर्ण नाव काय" करून विचारलं, मग "फुकटची स्कॉलरशिप", रंगावरून, डब्यावरून सुरू झालं. दोन महिने पोरगी काही बोलली नाही, वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं माझ्या बायकोला सापडलं. शाळेत सांगितलं तर सर म्हणतात मुलं आहेत, चालायचंच, आणि व्हॅन काही आमची नाही. आम्ही शाळा बदलावी का?
– एक वडील, उत्तर नागपूर

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी मुलीला जवळ बसवून एवढं सांगा की तुझं काही चुकलेलं नाही, आणि तुला विचारल्याशिवाय आम्ही काही करणार नाही. ती का बोलली नाही माहीत आहे? सांगितलं की मोठे लोक एकतर उडवून लावतात नाहीतर तमाशा करतात, पोरांना दोन्हीची भीती वाटते.

"चालायचंच" हे उत्तर जगात कुठेच चालत नाही आता. जे एकदा घडून संपतं ते भांडण. जे पुन्हा पुन्हा होतं, आणि ज्यात एका बाजूची ताकद जास्त असते, संख्येची म्हणा की जातीची, त्याला छळ म्हणतात, ही व्याख्या मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांची. नॉर्वेत १९८२ साली अशा छळानंतर तीन मुलांनी जीव दिला आणि सरकारनं देशभर मोहीम काढली, ओल्वेयस यांनी बर्गनच्या ४२ शाळांत काम केलं आणि तिथे असे प्रकार जवळपास निम्म्यावर आल्याचं नोंदवलं. पुढे इतर देशांत एवढा मोठा फरक दिसला नाही, पण फरक दिसला. त्यांनी नुसतं छळणाऱ्यांना रागावून सोडलं नाही. सगळ्या मोठ्यांनी, शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत, दिसलं की तिथल्या तिथे थांबवायचं, मैदानावर आणि जिन्यात मोठं माणूस हजर ठेवायचं, वर्गात दर आठवड्याला यावर बोलायचं, पालकांना बोलवायचं. आणि जे बघत गप्प बसतात त्यांना बोलतं करायचं. तुमच्या मुलीच्या व्हॅनमध्येही असं एखादं पोर असणारच ज्याला हे आवडत नाही, मुलीला विचारून त्याचं नाव काढा, व्हॅनमध्ये ती त्याच्या बाजूला बसली तरी तिला पुष्कळ हलकं वाटेल.

व्हॅन आमची नाही हे सरांनी म्हणूच नये. महाराष्ट्राचे स्कूलबसचे २०११ चे नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधीही त्यात असतो. तक्रार लेखी त्या समितीकडे द्या, तारखा आणि शब्द जसेच्या तसे लिहा, वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. ऐकलं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे. मुलीचा धीर सुटतोय असं कधीही वाटलं तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत.

आता शाळांना एक सांगायचंय, आणि हे जरा कडकच सांगते. पोरं हे आडनावाचं कुठून शिकतात? घरून तर शिकतातच. पण वर्गात मास्तर दारात उभे राहून ओरडतात, "एससीवाले उभे राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म घेऊन जा", तेव्हा सगळ्या वर्गाला कुणाची जात काय ते कळतं आणि पुढचं वर्षभर ते विसरत नाहीत. फॉर्म पाकिटात घालून देता येतो, पालकांना फोन करता येतो, ऑफिसात एकेकाला बोलावता येतं. एवढी साधी गोष्ट करायला कुठलं पॅकेज लागत नाही. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली आहे, त्यात बंधुता आहे, व्यक्तीची प्रतिष्ठा आहे, परिपाठात पोरं ती तोंडपाठ म्हणतात, आणि दहा मिनिटांनी त्याच वर्गात पोरांना जातीवरून उभं केलं जातं.

आपल्या शहरात दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली. शाळांच्या सहली रमण सायन्स सेंटरला जातात, महाराजबागेत जातात, तिथून दीक्षाभूमी कितीशी लांब आहे? सगळ्या पोरांना न्या, सगळ्या आडनावांच्या. आठवीच्या पोरांना जात काय असते आणि ती का मोडायची हे शिक्षकानं समोर बसून, न कचरता सांगितलं पाहिजे, नाहीतर ते व्हॅनमध्ये आणि इन्स्टाग्रामवर शिकणारच आहेत.

शाळा बदलायची का हे मुलीला ठरवू द्या. तिला मैत्रिणी असतील, आवडत्या बाई असतील, तिनं काहून जागा सोडावी? पण लेखी तक्रारीनंतर महिनाभर शाळा हललीच नाही आणि तिला तिथे नकोच असेल तर बदला, त्यात हार नाही.

प्रश्न: मी नवीन शिक्षिका आहे. वर्गात ६२ मुलं. मुलांशी शांतपणे बोललं की स्टाफरूममध्ये सिनियर टोमणे मारतात, "तू फार लाडावून राहिली, डोक्यावर बसतील." मीही ओरडायला लागू का?
– एक शिक्षिका, महाल

उत्तर: नको ग. ६२ मुलांत शांत राहणं किती कठीण आहे ते वर्गावर उभं राहिलेल्यालाच कळतं. स्टाफरूममध्ये वाद घालत बसू नकोस, तुझ्यासारखी एखादी तरी असेल तिथे, तिला शोध, आठवड्यातून एकदा दोघींनी डबा सोबत खा आणि आपापल्या वर्गातलं बोला. वर्गात नियम तीन-चारच ठेव, मुलांनीच बनवलेले, भिंतीवर त्यांच्याच अक्षरात. आणि शांत म्हणजे ढिलं नाही, नियम मोडला की ठरलेलं ते रोज होऊ दे, आज मूड चांगला म्हणून सूट आणि उद्या डोकं दुखतं म्हणून आरडाओरडा असं झालं की मग मात्र खरंच डोक्यावर बसतात. पहिली घटक चाचणी होईपर्यंत असंच करून बघ आणि काय झालं ते मला लिहून कळव, पुढच्या अंकात त्यावर सविस्तर बोलू.